फ्रीजमधली अर्धी साखर

१२ जानेवारी
साखर गेली! वर्षभर लॅबमध्ये राबून जोडलेली. एका साखरेला दुसरी, दुसरीला तिसरी. नको तिथे चिकटू नये म्हणून आधी एकेक जागा झाकायची, मग हळूच उघडायची. कॅन्सरच्या पेशींवर तिचा काय परिणाम होतो ते तपासायला अर्धी नागपूरला पाठवलेली. उरलेली अर्धी लॅबच्या फ्रीजमध्ये होती — आज बाटलीसकट गायब. अश्वजित सर, माझे पीएच.डी.चे गाइड, सगळ्यांसमोर म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुमचं?" अस्सा राग आला!

१३ जानेवारी
बाटली शोधायला विभागप्रमुखांनी माझ्या ज्युनिअरची, उमेराची, बॅग उघडायला लावली. लॅबमध्ये आम्ही पाच जण. फक्त उमेराचीच! डबा, ओढणी, वह्या, सगळं टेबलावर. मी म्हटलं, माझीही बघा. बघितली नाही. सर बाजूलाच उभे, हूं की चूं नाही.
जिन्यात उमेरा एवढंच बोलली — "ताई, मले विचारायचं ना! बॅग कायले उघडली?"

१५ जानेवारी
जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी
सरांच्या आईला बघायला गेले. कांताबाईंच्या छातीत कॅन्सरची गाठ आहे, नागपूरला केमो चालू — असं मला वाटत होतं. केळी ठेवली तर म्हणतात, "आता नाही जात मी नागपूरले. लय ओकाऱ्या होतात, बाई. पोरानं दवाई बनवली ना! तुमची ते साखर. गोडबीड काही लागत नाही ते."
बुद्धमूर्तीशेजारी माझी बाटली. माझ्याच अक्षरातलं लेबल.
आणि मला म्हणे, लक्ष कुठे असतं! चोराच्या उलट्या बोंबा. हेच सर! त्यांच्या मावशीने कुठल्याशा बाबाचा अंगारा आणला तर तिला यांनीच दारातून परत पाठवलं होतं — "तपासल्याशिवाय तोंडात घालायचं नाही."

२० जानेवारी
गाठलंच सरांना. "ती पेशींवर टाकून बघायची होती सर, आईच्या जिभेवर नाही! आणि उमेराची बॅग उघडली तेव्हा वाचा बसली होती का तुमची?"
मान खाली. "आईचे हाल बघवत नव्हते."
आणि चुकलेला केमो? तर म्हणे, "मी जाऊ नको म्हटलं नव्हतं." वा रे वा!
ठणकावून सांगितलं — उमेराची माफी सगळ्यांसमोर मागायची, आईला नागपूरला न्यायचं. नाहीतर मी प्राचार्यांकडे चालले.

२२ जानेवारी
सरांनी माफी मागितली. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत बसले! उमेरा म्हणाली, ठीक आहे सर. ठीक काय आहे, डोंबल!
कांताबाई नागपूरला जायला तयार नाहीत. बाटली संपली, दुसरी आण म्हणतात.

२४ जानेवारी
नागपूरचा रिपोर्ट आला. साखरेने कॅन्सरच्या पेशी मेल्या नाहीत. वाढल्या.
सरांनी दोनदा वाचला. मी भांडायच्या तयारीतच होते. लॅबमध्ये कधी वऱ्हाडी न बोलणारा माणूस मला विचारतो —
"मायले काय सांगू मी?"