परीक्षकबाई आमच्याकडे उतरल्या

बाबा,

पहिल्या नंबराच्या एका निळ्या रिबिनीला खरं म्हणजे काय काय लागतं ते आधी सांगतो. माझ्या लेकीचं एक अख्खं वर्ष, त्यातली दर रविवारची दुपार. माझा डावा गुडघा, जो तिच्या जनावराला म्होरकी घालून चालायला शिकवताना गोठ्याच्या फाटकावर आपटला तो अजून जिन्यावर कुरकुरतो. तिच्या आईची एक बरी शाल, जी त्या जनावराने चघळून ओली केली आणि मग गोठ्यातच राहिली. आणि सगळ्यात महाग म्हणजे तीन आठवडे, ज्यांत लेक माझ्याशी फोनवर फक्त हवेबद्दल बोलली. रिबीन स्वतः वीतभर सॅटिनची.

जनावर म्हणजे अल्पाका. तुम्ही पाहिला नाहीत. मेंढीच्या अंगावर उंटाची मान बसवली आणि वर एखाद्या भिडस्त पाहुण्याचे डोळे लावले, की झाला अल्पाका. लामा हा त्याचा थोरला, उंच आणि जरा शिष्ट. ही जात हंबरत नाही. तोंड मिटून गुणगुणते, देवघरात कुणी मनातल्या मनात पुटपुटावं तशी. मी इथे आलो तो कॉम्प्युटरच्या नोकरीवर, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती नोकरी गेली ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. मग कुंपणं घालायचा धंदा काढला, एका लामावाल्याच्या रानाला तारा ठोकता ठोकता त्या जनावरांत रमलो, आणि ॲन आर्बर शहरापासून पाऊण तासावर पाच एकर घेतली. मी निघताना तुम्ही दिलेली, तुमच्या जनावरांच्या दवाखान्यातली कापडी टेप पहिल्या कुंपणाला वापरली. आकडे पुसलेत, पण कुठे काय होतं ते बोटांना माहीत आहे.

आमच्याकडे दर वसंतात जत्रेच्या मैदानावर लामा-अल्पाकांचा शो होतो. मान्यताप्राप्त, म्हणजे इथले गुण देशभर धरले जातात, आणि म्हणूनच नियमांचं पुस्तक चांगलं जाडजूड आहे. मी त्याचा सुपरिंटेंडंट. डॉक्टरांचे दाखले तपासायचे, कातडीखालच्या चिपचा नंबर कागदाशी जुळवायचा, नर कुठे, माद्या कुठे, पिल्लावाल्या आया वाऱ्यापासून आडोशाला, रिंगणाचा क्रम, माइक, सगळं माझ्याकडे. मी एक दिवस आजारी पडलो तर हा शो उभा राहायचा नाही, असं मी चारचौघांत सांगत असे, आणि लोक हसून मान डोलवत. सकाळी धुकं असतं. मोठ्या पत्र्याच्या गोठ्याची दारं उघडली की शंभरेक जनावरांची ती गुणगुण एकदम अंगावर येते, आणि त्या अर्धवट उजेडात, गवताच्या धुळीत, दर वर्षी मला तुम्ही दिसता. खाकी अर्धी बाही, कानावर पेन्सिल, वाकून कुणाचा तरी खूर बघताय. मी हाक मारत नाही. मारली तर तिथे फक्त एक खांब असतो.

त्या वर्षी परीक्षकबाई कोलोरॅडोहून आल्या. त्यांची मोटेलची खोली मी बुक केली होती आणि मीच कॅन्सल केली. बायको म्हणाली, "अहो, एअरपोर्टवरून आणायचं आणि मोटेलात टाकायचं, पार्सल आहे का ती? एकटी बाई, कुठे जेवेल?" आपल्यात पाहुणा हॉटेलात उतरला तर घराचं नाक जातं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की परीक्षकाने स्पर्धकाच्या घरी उतरायचं नाही. ते मी वाचलं होतं, लेकीलाही वाचायला लावलं होतं. पण वाचणं वेगळं आणि दारात बॅग घेऊन उभी बाई वेगळी. बाईंनी गाडीतच विचारलं होतं, "तुमच्याकडचं कुणी स्पर्धेत नाही ना?" मी म्हणालो, "मी तर शो चालवतो, मी कुठला उतरतोय." वाक्य खरं होतं. लेक शिकायला शहरात राहते, नोंद तिच्या नावावर होती. असल्या खऱ्या वाक्याचा वास तुम्हाला फाटकातूनच आला असता.

बायकोने पिठलं-भाकरी केली, लसणाची फोडणी चुरचुरीत. बाईंनी तीनदा वाढून घेतलं. शुक्रवारी सकाळी आम्ही मागच्या पायरीवर चहा घेतोय, रानात धुकं आहे, आणि धुक्यातून गुणगुण येते, सुरुवातीला खाली आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखी वर. बाई म्हणतात, "हे कोण?" मी म्हणतो, "आमची तपकिरी. सुराला पक्की आहे." बाई डोळे मिटून ऐकतात. मीही ऐकतो. त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं, बाबा, एवढंच सांगू शकतो. फार छान सकाळ होती.

शनिवारी तपकिरी माद्यांचा वर्ग. सहा जणी रांगेत. लेक पांढऱ्या शर्टात, दोरी सैल धरलेली, मान ताठ. आम्ही दोघं रिंगणात एकमेकांना ओळख देत नाही, तसं ठरलेलं आहे. बाई एकेकीची लोकर दोन्ही हातांनी भांगासारखी पाडून बघतात. आमच्या तपकिरीच्या खांद्यावर त्यांचे हात आहेत, आणि माइक घेऊन उभा असलेला मी तिला दिसतो. ती गुणगुणते. खाली, मग वर. बाईंचे हात थांबतात. माझे कान कसे आहेत तुम्हाला माहीत आहे, शेजारच्या आळीत दुधात पाणी पडलं तर मला ऐकू यायचं, असं तुम्हीच म्हणायचात. पण थांबलेल्या हातांना आवाज नसतो. ओळखलं त्यांनी, की नुसता श्वास घेतला? पुढच्याच क्षणी त्या पुढे सरकल्या. शेवटी लोकरीच्या एकसारखेपणाबद्दल चार शब्द बोलल्या आणि निळी रिबीन लेकीच्या हातात दिली. दुसरी आली इंडियानाची एक म्हातारी विधवा, जी दर वर्षी एकटी ट्रेलर ओढत येते.

संध्याकाळी ट्रेलरमध्ये जनावर चढवताना लेक म्हणाली, "बाबा, जज आपल्या घरी राहिली होती?" ती मला अरे-तुरे करते, ते तुम्हाला चाललं नसतं.

"दोन रात्री. अगं, मोटेलात कशाला..."

"बाबा, इट्स इन द बुक. तूच वाचायला लावलंस."

"मी हिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही." मग मला पायरीवरचा चहा आठवला. "फक्त 'आमची' म्हणालो."

ती बराच वेळ दोरीची गाठ सोडत होती, जी आधीच सुटलेली होती. "शी मे हॅव बीन द बेस्ट," ती म्हणाली. "आता मला कधीच कळणार नाही."

तुम्ही तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात बैलांची उंची मोजायचात, त्यातलं एक प्रदर्शन मला त्या ट्रेलरमागे आठवलं. मी नऊ वर्षांचा. पांढऱ्या खिलारीच्या मालकाने मला पेढा दिला. तुम्ही बैलाखालून मान वर करून विचारलंत, "काय चघळतोयस?" मी विचारलं, थुंकू का. तुम्ही म्हणालात, "थुंकून काय? गेलं ते पोटात गेलं. साहेबांना सांगून ये." हिरव्या कापडाच्या टेबलाशी जाऊन मी म्हणालो, "मी पांढऱ्या बैलाचा पेढा खाल्ला." तिघे साहेब हसले. तुम्ही टेप दुसऱ्याकडे दिलीत आणि तो बैल मोजून होईपर्यंत लांब उभे राहिलात. घरी जाताना एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं होतं रागावलात. आता वाटतं, तुम्हाला तो बैल आवडला होता. आणि पेढे दोन होते. दुसरा खिशात होता, तो मी घराच्या वळणावर तुमच्या मागे चालत खाल्ला.

शोला मान्यता देणाऱ्या ऑफिसला मी कळवलं. दुसऱ्या दिवशी नाही, शुक्रवारी. सहा दिवस मी मनात तीच खरी वाक्यं फिरवत होतो. उत्तर आलं: लेकीचा पहिला नंबर रद्द, बाकीच्या सगळ्या एकेक पायरी वर, मला एक वर्ष सुपरिंटेंडंटगिरी बंद, आणि बाईंना समज. बाईंना मी माफीचं लिहिलं, त्यांचं उत्तर आलं नाही. लेकीने रिबीन पाकिटात घालून इंडियानाला पाठवली, मला न विचारता. मी त्या म्हातारीला फोन केला तर ती म्हणाली, "अरे बाबा, तू लपवत होतास का ते? सकाळी दहाच्या आत अख्ख्या गोठ्याला माहीत होतं. तुझ्या बायकोच्या त्या पिवळ्या पदार्थाबद्दल जज येईल त्याला सांगत होती." माइक हातात घेऊन मी त्याच गोठ्यात फिरत होतो.

लेक आता पुन्हा नीट बोलते. तपकिरीला यंदा ती दुसऱ्या राज्यात घेऊन गेली, जिथे मला कुणी ओळखत नाही. तिसरी आली. फोनवर तिचा आवाज मी किती वर्षांत एवढा मोकळा ऐकला नव्हता. "थर्ड, बाबा. रिअल थर्ड."

हे पत्र टाकायला पेटी नाही. गवताच्या पावत्यांच्या फायलीत राहील. एवढं कबूल करतो की आमच्या शोला यंदा मी प्रेक्षकांत थर्मास घेऊन बसलो होतो, काहीतरी अडेल आणि मला बोलावतील म्हणून कान लावून. माझ्या हाताखाली हा शो साडेसहाच्या आत कधी आटोपला नव्हता. यंदा पावणेचारला संपला.