दीड तासाचे अंतर

रेझोल्यूट विमानतळ

ज्येष्ठ भगिनी नापाची हीस सप्रेम नमस्कार.

मी कुशल आहे. मात्र अद्याप पोहोचलेलो नाही.

येथून लेकीचे गाव चारशे किलोमीटरही नाही. विमानास दीड तास लागतो. आज चौथा दिवस आहे. काल तिच्या घराचे छप्परही वरून दिसले. परंतु डोंगरावरचा वारा उतरू देईना, म्हणून तितकेच अंतर उडून पुन्हा याच खुर्चीवर येऊन बसलो. तू दिलेले गोठवलेले मासे सहप्रवाशांनी अत्यंत आस्थेने संपवले. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या उलायुकचे नाव नातीला दिले आणि आपल्या रीतीप्रमाणे नावाबरोबर नातेही आले; आता नातच माझी बायको. तिकिटे तपासणारी ऊलीपिकासुद्धा म्हणते, "आजोबा, बायको तिकडे वाट बघतेय आणि तुम्ही इथे चहा ढोसताय?" रीत मला मान्यच आहे. परंतु उलायुक गेल्यापासून ते नाव माझ्या तोंडून निघालेले नाही. महिन्याच्या बाळाला त्या नावाने हाक मारणे जमेल का, ही चिंता होती.

आज लेकीने फोन बाळाच्या कानाशी धरला. "बाबा, बोला तुमच्या बायकोशी. केव्हाची बोंबलतेय."

मी घसा साफ केला. "उलायुक, विलंबाबद्दल दिलगीर आहे. त्याचे कारण असे की..."

तिने असा टाहो फोडला की कारण राहूनच गेले.

चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझे एकही कारण शेवटपर्यंत ऐकले नव्हते. त्यामुळे ओळख लगेच पटली.

वारा पडताच निघतो.

तुझा खोळंबलेला धाकटा भाऊ,
जोसेफी