एदमेची नासपती

ला ओत्री, सोमवार
१३ ऑक्टोबर १९९७

प्रिय एदमे,

तुझा गुडघा कसा आहे? थंडी पडली की तो दुखतो, हे मी विसरलेले नाही. मी बरी आहे. पहाटे धुकं असतं, दहापर्यंत विरतं. शाळेत सिस्टर युफ्रासींनी शिकवलं होतं ना, पत्रात आधी समोरच्याची तब्येत, मग हवापाणी, मग आपलं काम. तब्येत आणि हवा झाली. कामाकडे येते, पण जरा वळसा घालून.

रेमों गेला, मी विधवा झाले, त्यानंतरची ही पहिली सुगी. त्याच्या दफनाच्या दिवशी तू चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली होतीस, मी पाहिलं होतं. यंदा सफरचंदं पिळून, रस आंबवून सायडर करणं माझ्याच्यानं होत नाही, असंच गावाला वाटत होतं. मी चरक धुतला, पिंप शुद्ध करायला त्यात गंधकाची वात जाळली आणि ढकलगाडी घेऊन दारोदार फिरले. गोड सफरचंदं पाद्रीबाबांच्या परसातली. कडू, ती लाल ठिपक्यांची, मठाच्या शाळेच्या भिंतीमागची. शाळेत असताना आपण चोरायचो तीच झाडं. आता सिस्टर स्वतः पिशवी भरून देतात आणि वर थँक्यू म्हणतात. आंबट मात्र गुस्ताव्ह लमेतकडून घ्यावी लागली, त्याच्या बडबडीसकट.

"पोतं उचलवेल का तुला? की पोत्याबरोबर तुलाही उचलून ठेवू गाडीत?"

"तू सफरचंदं दे, गुस्ताव्ह. माझं मी बघते."

माळ्यावर ढीग लावून अठरा दिवस झाले. अंगठा दाबला की खळी पडते, म्हणजे पिळायला तयार. आईनं मान डोलावली असती.

परवा गुस्ताव्ह आला, तेव्हा चार फळं ठेचून रस चाखायला दिला. त्यानं तोंडात घोळवला, गिळला, आणि म्हणाला, "चव आहे, पण दम नाही. नासपती कुठंय?"

"यंदा नाही."

"यंदा? नऊ वर्षं नाही. आणि पुढं तर मिळायचीच नाही. एदमेनं लाकूडतोड्यांना सांगितलंय. एक नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण झाला की नासपतीची तिन्ही झाडं आडवी. म्हणते, ज्याचं फळ गावात कुणी शिवत नाही, ते झाड कशाला सांभाळू?"

आजोबांनी लावलेली झाडं ती. तुझ्या वाटणीला आली तेव्हा मला बरंच वाटलं होतं, कारण तू ती माझ्यापेक्षा जास्त जपली असतीस. जपलीसही.

आता काम.

नऊ वर्षांपूर्वी तू दिलेली सहा पोती चांगली होती. त्याच सकाळी वेचलेली, एक पानसुद्धा मिसळलेलं नव्हतं. दोन दिवसांत पिळायची, हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं. पण मला लिझ्यूच्या यात्रेला जायचं होतं, आणि माझ्यामागे रेमोंनं चरकाला हात लावलेला नको होता. तो म्हणाला, "नासपती थांबायची नाही, सोलांज." मी म्हटलं, "सफरचंदं तीन आठवडे थांबतात, ही आठ दिवस थांबेल."

परत आले तर वरून पिवळी, टणक, देखणी. एक कापली. आत तपकिरी लगदा. दुसरी कापली, तिसरी कापली. मग कापणं थांबवलं आणि सगळी चरकात ओतली.

नाताळात पिंप उघडलं तेव्हा पाहुणे घोट थुंकायला अंगणात गेले. कुणीतरी विचारलं, काय घातलंस यात? मी म्हटलं, "एदमेची नासपती." वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. तू दारात येऊन विचारलंस, "माझी पोती खराब होती का? तोंडावर सांग." मी म्हटलं, "लोक काय म्हणतात ते ऐक." तू फाटक लावून गेलीस. तेव्हापासून तुझी नासपती तुझ्याच गाई खातात.

रेमों दर सुगीला म्हणायचा, सांगून टाक. मी पाद्रीबाबांना पापकबुलीत सांगितलं, क्षमा मिळाली, आणि सुटले असं समजले.

काल रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर हे सांगितलं. मग गुस्ताव्ह म्हणाला, "म्हणजे नऊ वर्षं आम्ही पाणचट सायडर प्यायलो, ती तुझ्यापायी?" मी म्हटलं, हो. तो टोपी फिरवत राहिला. "मला चार पोती हवीत. तिला विचारशील का?" मी सांगितलं, तुझ्या पायांनी जा आणि विचार.

गावाला आधी आणि तुला नंतर, हे उलटं झालं. पण तुला एकटीला सांगितलं असतं तर तू गिळून टाकलं असतंस, आणि झाडं तरीही पडली असती. तुला मी ओळखते.

क्षमा करायची की नाही, ते सावकाश ठरव. त्याला घाई नाही. नासपतीला आहे. गुरुवारी सकाळी रिकामी पोती घेऊन तुझ्या फाटकाशी येते. बंद असलं तर मागे फिरेन. उघडं असलं तर तू खुर्ची टाकून बस. वेचायला वाकायचं काम माझं. त्याच दुपारी पिळेन, तुझ्या डोळ्यांदेखत.

लाकूडतोड्यांना तेवढं थांबव.

तुझी चांगली नासपती सडवणारी,
तुझी थोरली बहीण,
सोलांज