एका पानात बसेल एवढंच

सोमवार, ४ तारीख

लागली! एकदाची नोकरी लागली! नव्या नोकरीच्या मुहूर्तावर ही नवी वहीसुद्धा काढली. लोकांचे बायोडाटा लिहून द्यायचं ऑफिस आहे. पहिला मजला, दोन टेबलं, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि खिडकीत पाण्यावाचून मान टाकलेलं एक रोपटं. साहेब पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, हातात सदा लाल पेन्सिल. मी मनातल्या मनात त्यांचं नाव 'कात्री' ठेवून टाकलंय.

माझा स्वतःचा बायोडाटा दोन पानी होता. तो बघून त्यांनी असं तोंड केलं, जसं काही मी गाठोडंच घेऊन आलेय. म्हणाले, मालक लोक दुसरं पान उलटतच नाहीत, आणि मध्ये रिकामी वर्षं दिसली की पहिलंही बाजूला ठेवतात. ठमी झाल्यावर मी तीन वर्षं घरी होते, ती त्यांनी एका रेघेत उडवली. शाळेच्या ऑफिसातली माझी जुनी नोकरी पुढे ताणून फट बुजवली. पानाच्या तळाशी छापलेलं होतं, 'वर लिहिलंय एवढंच खरं आहे.' मी हसत हसत सही ठोकली आणि जुनी दोन पानं स्वतःच्या हातानं फाडून टोपलीत टाकली.

घरी येऊन सांगितलं तर ठमीचा पहिला प्रश्न, म्हणजे आता मला मावशीकडे राहायला नको ना जायला? तिचे बाबा गेल्यापासून ताईचं एकच पालुपद होतं, महिनाअखेर नोकरी नसली तर पोरीला मी घेऊन जाते. आता बघू कशी नेते! बाईसाहेबांनी पलंगावर इतक्या उड्या मारल्या की एक फळी निखळली. सहा वर्षांची आहे, पण धिंगाणा साठ पोरांचा. काल पडलेला पुढचा दात तिनं काडेपेटीत घालून माझ्या हवाली केलाय. मोठी झाल्यावर परत मागणार आहे म्हणे.

मंगळवार, ५ तारीख

काम आवडलं. कात्रीकडून शिकण्यासारखं खूप आहे. 'मेहनती आहे' असं लिहायचं नाही, ते गाढवालाही म्हणतात. काय केलं ते आकड्यानिशी लिहायचं. ज्या जागेसाठी अर्ज, तिच्या जाहिरातीतले शब्द आपल्या पानात यायला हवेत. ताजं वर, जुनं खाली. आजारपणं, घरच्या अडचणी, रडगाणी सगळी बाहेर. शेवटी गिऱ्हाइकाची सही, साहेबांच्या समोरच. त्यात मात्र ते कुणाचं ऐकत नाहीत.

शुक्रवार, ८ तारीख

आज माझं पहिलं गिऱ्हाईक, एक इलेक्ट्रिशियन. दोन वर्षं काम सोडून आजारी धाकट्या भावाची सेवा करत होता. म्हणाला, त्याला आंघोळ घालतो, दाढी करतो, क्रिकेटच्या गप्पा मारतो. मी ती दोन वर्षं पानातून काढून टाकली. इलेक्ट्रिशियनला मोठ्या इस्पितळात कायमची नोकरी हवी होती. त्यानं सही केली.

ठमीनं वर्गात माझं चित्र काढलंय. मला तीन हात आहेत. एक तिच्यासाठी राखीव.

बुधवार, १३ तारीख

इलेक्ट्रिशियन आभार मानायला आला. जागा मिळाली! मी विचारलं, भाऊ कसा आहे? तो गोंधळला. म्हणाला, ताई, दुसऱ्या कुणाशी गल्लत होतेय, मी आईबापांना एकटाच. मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. त्याच्या शर्टावर दाढीच्या साबणाचा डाग होता. तो तिकडे सारखा बघत होता, कुठून आला म्हणून.

कात्रीनं मान वरसुद्धा केली नाही.

गुरुवार, १४ तारीख

सकाळी शाळेत बाईंनी अडवलं. हजेरीत ठमीचं नाव नाही म्हणाल्या. ही कुणाची मुलगी, असं मलाच विचारलं. काल तर त्यांनीच तिची वेणी घालून दिली होती!

पाचावर धारण बसली माझी. तिला तशीच कडेवर घेऊन ऑफिसात गेले. कात्री शांत. म्हणाले, सही वाचून करायची असते. कागदावर नाही ते हळूहळू उरत नाही. उपाय आहे, नवं पान, नवी सही. गेलेलं सगळं आपल्या आठवणीतून लिहायचं, बघून नाही. पण मग ही नोकरी गेली.

नोकरी गेली तर ताई तिला नेणार. मी म्हटलं, आज रात्री विचार करते. इकडे आड, तिकडे विहीर.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ताईला फोन केला. म्हटलं, तूच ने ठमीला, पण तिला सांभाळ. ताई म्हणाली, कोण ठमी? तुला कुठं मूलबाळ आहे गं, बरी आहेस ना?

ठमी समोरच बसली होती. तिनं ऐकलं. माझा पदर धरून ठेवला.

विचार कसला करत बसले मी! तिथेच लिहायला हवं होतं. उद्या पहिलं काम तेच. नोकरी गेली खड्ड्यात.

शुक्रवार, १५ तारीख

कोरं पान समोर. लिहिलं, माझी मुलगी. पुढे —

जन्मतारीख येईना. पावसात झाली की थंडीत? पहिल्यांदा चालली ते कुठल्या खोलीत? पहिला शब्द? कात्री पेन्सिलीला टोक करत बसलेले. दुपार झाली. पानावर दोनच शब्द. सही करायला काही नव्हतंच.

घरी आल्यावर पाण्याचा पेला भरताना लक्षात आलं की शाळेतून कुणाला तरी आणायचं राहिलंय. धावत गेले. फाटकाशी एकटी उभी होती, आत कुणी घेतलंच नव्हतं तिला, रडून रडून डोळे सुजलेले. देवा, मी विसरले. मी तिला विसरले.

शनिवार, १६ तारीख

हातावर लिहून ठेवलंय — ठमी. माझी.

तिचा हात माझ्या हाताला ओढणीनं बांधलाय. ती सारखी विचारते, आई, मी कोण? मी सांगते. ती परत विचारते.

ही वही वाचली. वाचलेलं खरं वाटतं, पण आठवत नाही —

रविवार, १७

ओढणीला गाठ. दुसरं टोक मोकळं. आंघोळ केली. हातावर शाईचा डाग होता, घासून काढ —

सोमवार, १८ तारीख

किती दिवसांनी गाढ झोप लागली! कात्री खूश आहेत, मला कायम करणार म्हणाले.

आल्या आल्या कपाट आवरलं. एका काडेपेटीत कुणाचा तरी बारीकसा दात निघाला. शी! फेकून दिला. पलंगाची फळी कशी निखळली कोण जाणे, सुताराला बोलवायला हवं.

ही वही मात्र वाया घालवलीय मी. अक्षर माझंच, पण पाल्हाळ किती! पानोपानी कुणी ठमी. लाल पेन्सिल घेऊन बसलेय. नको ते काढलं की सगळं एका पानात सहज बसेल.

मघापासून दारावर कुणीतरी थापा मारतंय. लहान पोरीचा आवाज आहे. आई, आई करतेय. कुणाची आहे बिचारी, हिची आई दार का उघडत नाही? अशानं कामात लक्ष कसं लागायचं.

थांबली. बरं झालं.

तर, पहिलं पान. 'लागली! एकदाची नोकरी लागली!' हे ठेवते. त्याच्या खालचं