पडक्या चर्चची किल्ली

३ सप्टेंबर
बादरीसाहेब आले — तिबिलिसीच्या पुरातत्त्व कचेरीतले. गड चढताना चार वेळा बसले. मी एकदाच. चर्चपाशी मी कमरेची किल्ली काढेपर्यंत हे महाशय मागच्या भगदाडातून आत! "बाहेर या," म्हटलं. "दारातून यायचं." आले बिचारे. टोपी काढून दारासमोर उभे राहिले. मग मी रीतसर कुलूप उघडलं.

तीस वर्षं उघडतेय. तट ढासळला, बुरूज अर्धा राहिला, चर्चची मागची भिंत कधीच पडली — शाबूत काय, तर हे दार. गाव हसतं. हसू दे.

४ सप्टेंबर
साहेब भिंत बांधून देणार! आता माझ्या किल्लीशिवाय चिटपाखरू आत जाणार नाही. ओतारच्या शेळ्या तर नाहीच. दोन वर्षं त्या आत लेंड्या टाकतात आणि झाडते मी. म्हणून तर त्याच्याशी अबोला. चीज भरून खाचापुरी केली, एकटीने अख्खी खाल्ली.

११ सप्टेंबर
गुडघा.

१९ सप्टेंबर
संत गिओर्गीच्या चित्रापुढे पुन्हा मेणबत्तीचं थोटूक. ताजं. मला न विचारता! उद्या पहाटे आत जाऊन बसते. बघतेच कोण ते.

२० सप्टेंबर
ओतार निघाला. शेळ्यांमागोमाग भगदाडातून आला. मला बघून दचकला, मग म्हणतो, "दारातून आलीस वाटतं?"

झापणारच होते. पण त्याने निमूट मेणबत्ती लावली. त्सिसनासाठी. त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली.

"रोज येतोस?"

"रोज. आमचं लग्न इथंच लागलं. तेव्हा सोव्हिएत सरकारने चर्च बंद ठेवलेलं, किल्ली तुझ्या सासऱ्याकडे, आणि म्हातारा घाबरट. मग पाद्र्याला याच भगदाडातून आत घेतलं. भगदाड तेव्हा लहान, आणि तो जाडा. मधेच अडकला. त्सिसनाने आतून ओढला, मी बाहेरून ढकलला."

दोघंही हसलो. मग तो म्हणाला, "आता भिंत होणार म्हणे. एतेरी, रोज सकाळी तुझ्या दारात किल्ली मागत उभं राहणं मला जमायचं नाही."

दिवसभर स्वतःचाच राग येतोय. शेळ्या दिसल्या, माणूस दिसला नाही.

१४ ऑक्टोबर
भिंत झाली. कुलूप लावलं. शेळ्या बाहेर ओळीने उभ्या, माझ्याकडे बघत. ओतार खाली वाटेवर पाठ करून बसलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुलूप खरोखर लागलं, आणि घरी येऊन जेवण गेलं नाही.

१५ ऑक्टोबर
गोरी शहरातल्या बाजारातून दुसरी किल्ली करून आणली. ओतारच्या हातावर ठेवली. उलटसुलट करून बघितली त्याने, नाक पुसलं आणि म्हणाला, "शेळ्यांना नाही केलीस?"