आईच्या गालावरची पेन्सिल

अण्णा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती एकदम तोंडातून निघणार नाही. मुद्द्यावर यायला मला नेहमीच वेळ लागतो, आणि तुम्ही तोवर मान खाली घालून काम करत राहायचात. आजही तसंच समजा.

बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या त्या स्टुडिओत, माडीवर, उत्तरेकडच्या खिडकीपाशी तुमचं टेबल. फोटो काढणारे दुसरे होते, तुम्ही चेहरे सारखे करणारे. तिरक्या काचेवर निगेटिव्ह, खाली उजेड फेकणारा आरसा, डोळ्याला भिंग, आणि पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये जिथं जिथं सुरकुती किंवा खड्डा, तिथं शिशाचा बारीकसा ठिपका द्यायचा, की छापलेल्या फोटोत ती जागा गुळगुळीत. खाली गल्लीत दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज चाललेला असतो आणि वर तुम्ही श्वास रोखून कुणाच्या तरी हनुवटीवर ठिपके देत असता. लग्नाच्या मुलींचे फोटो खास तुमच्याकडे यायचे. माझी आईही अशीच तुमच्या टेबलावर आली, हे मला तुमच्या बहिणीनं, आमच्या अक्कानं सांगितलं. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, गालभर वण असलेल्या मुलीचा फोटो तिच्या वडिलांनी स्थळांना दाखवायला काढून घेतला. तुम्ही चार दिवस बसून तो सारखा केला आणि मग तुम्हीच जाऊन तिला मागणी घातली. अक्का हसून सांगायची, "आमच्या अण्णानं बायको आधी उलटी बघितली, केस पांढरे अन् तोंड काळं, तरी पसंत केली." आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला तिचं काहीही आठवत नाही, ना आवाज, ना वास. भिंतीवरचा तो एक फोटो तेवढा आहे, आणि त्यातला गाल लोण्यासारखा आहे.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. बंगळूरातल्या आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांना परदेशी धाडायला नुकती सुरुवात झाली होती, आणि कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी बेल्जियमला पाठवलं. इकडे दुकानादुकानांत रंगीत फोटोंची मशीनं आली होती आणि तुमच्या टेबलावर आता पासपोर्टचे फोटो कापायचं काम उरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्टुडिओतला जुना, पोटाशी धरून वरून बघायचा कॅमेरा मला दिलात. म्हणालात, "ह्यात मान खाली घालून बघायला लागतंय. माणसाच्या तोंडावर नेम धरल्यासारखं होत नाही." दर शनिवार-रविवार मी तो गळ्यात अडकवून कुठल्या ना कुठल्या जुन्या गावाला जायची. घेंट, ब्रुज, एकदा रात्रीची बस पकडून प्रागसुद्धा. काय काढलं म्हणाल, तर मनोरे, कबुतरं आणि माणसांच्या पाठी. माणूस समोरून आला की माझा हात थिजायचा आणि तो निघून गेला की त्याच्या कोटाचा फोटो निघायचा. बंगळूरात रिक्षावाल्याशी भांडणारी मी तिथं गोगलगाय झाले होते.

मग सुट्टीत लिस्बनला गेले. चढणीच्या गल्ल्या, पायऱ्या, डोक्यावर वाळत घातलेले कपडे. एका उंबऱ्यावर एक म्हातारी मासे साफ करत बसली होती. तिनं मान वर केली आणि मी जागीच थांबले. तिच्या गालभर देवीचे वण होते. दुपारचं ऊन तिरकं पडलं होतं आणि प्रत्येक खड्ड्यात सावली होती. माझ्या मनात एवढंच आलं, की आईचा खरा गाल असाच दिसत असेल. मी कॅमेऱ्याची काच फिरवून चेहरा स्पष्ट करून घेतला. तिनं मला पाहिलं, काहीतरी बोलली, आणि ओला हात गालाकडे नेऊ लागली. तो हात पोचायच्या आत मी बटण दाबलं. सहा महिन्यांत मी काढलेला तेवढाच एक फोटो खरा होता, असं मला वाटत होतं आणि आजही वाटतं.

रोल मी तिकडे धुवायला दिले नाहीत. तुमच्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचा धीर नव्हता, म्हणून परत आल्यावर ते तुमच्याकडेच दिले. इकडे एका फोटोग्राफी मंडळाचं प्रदर्शन होतं, त्यात मला तोच फोटो द्यायचा होता. आठ-दहा दिवसांनी एका दुपारी तुम्ही मला स्टुडिओत बोलावलंत. "स्वल्प थांब, खिडकीपाशी चल, उजेडात बघ," म्हणत तुम्ही फोटो माझ्या हातात ठेवलात. किती दिवसांनी तुमचा चेहरा तसा फुललेला पाहिला होता मी. फोटोत उंबरा होता, मासे होते, अर्धा उचललेला हात होता, आणि एक गुळगुळीत गालाची म्हातारी होती.

"हे काय केलंत?"

"हिला लई वेळ लागला. ह्यापायी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं बघ."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

तुम्ही फोटोतल्या हाताकडे बोट दाखवलंत. "ती नको म्हणत होती ना ग? असंच कसं सोडायचं तिला?"

तेव्हा मी जे बोलले ते इतकी वर्षं झाली तरी माझ्या कानात तसंच आहे. मी म्हणाले, "आईचंही हेच केलंत. मला माझ्या आईचा चेहरा माहीत नाही, तुमची पेन्सिल माहीत आहे. एवढी लाज वाटत होती तिची, तर लग्न कशाला केलंत?"

तुम्ही भिंग काढून ठेवलंत. "लाज मला नव्हती. तिला होती. तिनंच सांगितलं होतं, असलं तोंड मागं ठेवू नका म्हणून." आणि मग, जसं काही गिऱ्हाईकच समोर आहे तसं, "सरी, ठीक आहे. पेन्सिल निघते. टर्पेंटाईन त्या बाटलीत आहे. कापूस हलक्या हातानं फिरव, दाबू नको." मी तुमच्याच टेबलावर, तुमच्या देखत, तुमचं सगळं काम पुसून काढलं. तुम्ही शेजारी उभं राहून कापसाचा दुसरा बोळा करून दिलात. ह्याहून तुम्ही माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

प्रदर्शनाला तुम्ही आलात, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. माझं कौतुक चाललेलं तुम्ही लांबून ऐकलंत. त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिलात आणि परतताना रिक्षात विचारलंत, "हिला एक कॉपी पाठवणार काय?" मी म्हणाले, तिचा पत्ता कुठं आहे माझ्याकडे. तुम्ही म्हणालात, "म्हणजे सगळे बघणार, ती सोडून." मी रस्त्याकडे बघत बसले. आपल्यात त्या विषयावर त्यानंतर काही बोलणं झालं नाही. पुढच्याच वर्षी मी पुन्हा तिकडे गेले असताना तुम्ही गेलात. फोन आला तेव्हा विमानाला पुष्कळ वेळ होता, आणि खोलीत बसवेना म्हणून मी कॅमेरा घेऊन रस्त्यावर हिंडले. फोटो काढले, अण्णा. बाप गेल्याचं कळल्यावर मी पुलांचे आणि दिव्याच्या खांबांचे फोटो काढत फिरले. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता ती गोष्ट. तुमच्या पत्र्याच्या डब्यात आईची निगेटिव्ह होती, बटर पेपरात गुंडाळलेली. उजेडाला धरली की गालावरचे तुमचे ठिपके दिसायचे, रांगोळीसारखे, एकाला एक न चिकटलेले. पाच-सहा महिने मी तो डबा उघडत होते आणि मिटत होते. तिनं काय सांगितलं होतं ते मला माहीत होतं. तुम्ही ते सांगितलंत तेव्हा मी तिथंच होते. तरी एका रविवारी मी बाटली काढली आणि कापूस फिरवला. हलक्या हातानं, दाबलं नाही. मालकाला विचारून स्टुडिओच्या डार्करूममध्ये मीच फोटो छापला. कागदावर चेहरा हळूहळू वर आला. वण माझ्या अंदाजापेक्षा खोल होते, नाकाच्या शेंड्यापर्यंत गेलेले, आणि एका भुवईत केसच नव्हते. मला वाटलं होतं, वण दिसले की आई दिसेल. ट्रेमध्ये एक घाबरलेली परकी मुलगी होती, आणि आपल्याकडे कुणी बघू नये असं तिला वाटत होतं. मी खूप वेळ बघितलं. मला ती आवडली नाही, अण्णा. परक्या बाईचे वण मी चारचौघांत मिरवले आणि माझ्या आईचे मला बघवले नाहीत.

तो कागद मी फाडला. मग निगेटिव्ह पुन्हा पहिल्यासारखी करायला तुमची पेन्सिल घासून दोन दिवस तुमच्या टेबलावर बसले, पण ठिपका कुठं द्यायचा आणि कुठं थांबायचं ते मला कळेना. होती त्या निगेटिव्हचाही चिखल करून ठेवला. भिंतीवर अजून तुम्ही सारखा केलेला आईचाच फोटो आहे, आणि आता तसा दुसरा कधी निघणार नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, अक्काला तर नाहीच. ती आता काठी टेकत येते, त्या फोटोपुढे उभी राहते आणि दर वेळी म्हणते, "अगदी अश्शीच होती बघ माझी वहिनी." मी हो म्हणते.