चांदमारीसाठी जागा

रविवार, ६ जानेवारी १९६३

रायफल क्लब झाला एकदाचा. क्लबाला अध्यक्ष आहेत, दोन उपाध्यक्ष आहेत, चिटणीस आहे, रबरी शिक्का आहे, तीन रायफली आहेत. फक्त गोळी कुठं झाडायची ते ठरलेलं नाही!

चीनची लढाई थांबल्यापासून शहरात शौर्याला ऊत आलाय. ज्यांना घरातली पाल हाकलवत नाही ते चौकात उभे राहून हिमालय राखतात. त्याच भरात शाळेला फर्मान आलं – एक शिक्षिका रायफल शिकायला पाठवा. मोठ्या बाईंनी शिक्षिकांच्या खोलीत नजर फिरवली. सगळ्या जणी एकदम वह्या तपासू लागल्या. माझ्या तपासून झाल्या होत्या. म्हणून मी.

डिसेंबरात दहा दिवस पोलिसांच्या चांदमारीच्या मैदानावर पदर खोचून पालथी पडले. शेवटच्या दिवशी शंभरात त्र्याण्णव. पुरुषांत पहिले आले ते एक वकील – एकाहत्तर. चष्म्यावर धूळ होती म्हणे.

कुणाला सांगितलं नाही, इथं लिहिते. घोडा ओढायच्या आधी अर्धा श्वास सोडून थांबायचं असतं. त्या थांबण्यात मला कुणी हाक मारू शकत नाही. अडतीस वर्षांत असं पहिल्यांदाच.

आता ते मैदान पोलीस भरतीला लागणार. मेमध्ये पुण्याला स्पर्धा आहेत, जिल्ह्यातून एकच बाई जाणार. त्याला सराव हवा आणि सरावाला जागा. अध्यक्ष नानासाहेब म्हणाले, बाई, फिकीर करू नका, जागेचा इंतजाम माझ्याकडं. नानासाहेब रस्त्यांची कंत्राटं घेतात. मी त्यांच्या रस्त्यांवरून रोज सायकल चालवते – म्हणून फिकीर वाटते.

१३ जानेवारी

हर्सूलला जागेची पाहणी. नऊ माणसं, दोन मोटारी, चिवड्याचा डबा. तलावाकाठचा उतार नानासाहेबांना फार पसंत पडला. वारा छान येतो म्हणाले. आम्हाला शिकवणारे बद्रीनाथ हवालदार, पोलिसातून निवृत्त झालेले, एरवी तोंड उघडत नाहीत. त्यांनी एक चपटा दगड उचलून पाण्यावर फेकला. चार उड्या मारत लांब गेला. "गोळी बी अशीच जाती, साहेब."

मग सगळ्यांना आठवलं की जवळच तुरुंग आहे. वकील म्हणाले, आत जायला माणसाला खटला लागतो, आपली गोळी विनाखटला जाईल. पोट धरून हसले सगळे. चिवडा संपला, परत आलो.

१४ जानेवारी

संक्रांत. अकरा बायकांना तिळगूळ दिला. अकरा जणींनी विचारलं, खांद्याला लागत नाही का हो? नेम लागतो का, हे एकीनंही नाही.

२० जानेवारी

"घराजवळची" जागा म्हणून आज बिडकीनला नेलं! मोटारीनं तास गेला. नानासाहेबांचं शेत. हुरडा, लसणाची चटणी, दही, गूळ. जागा कुठली, असं मी विचारलं तर चिटणिसांनी हुरड्याची मूठच एका दिशेला हलवली. तिकडं गुरं चरत होती.

ठराव झाला: जागा उत्तम, अंतर जास्त. हुरडा कोवळा होता, तेवढं लिहायचं राहिलं.

५ फेब्रुवारी

सभा. विषय – क्लबाच्या शिक्क्यावर वाघ की सिंह. दोन तास. वाघ.

१० फेब्रुवारी

सापडली! कमिटीला पाच आठवड्यांत सापडली नाही, मला सायकल पंक्चर झाल्यावर सापडली.

मुकुंदवाडीच्या पुढं, रुळांच्या पलीकडं. सायकल ढकलत पाणी मागायला एका शेतात वळले. ज्वारीच्या मागं जुनी दगडाची खाण. तीन बाजूंना दोन पुरुष उंच कडा, चौथी मोकळी. पावलांनी मोजली – साठ भरली. आम्हाला पंचवीस वार पुरतात.

शेत आवडाबाईंचं. पन्नाशीच्या, हातात विळा. नवरा सांडू चार वर्षांपूर्वी गेला. खाण त्यानं आणि त्याच्या बापानं खणलेली. आता तिथं त्या कडबा रचतात, शेळ्या बांधतात. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी आधी तांब्या दिला, मग विचारलं, बाईमानसाला बंदूक कशापायी? देशाचं रक्षण वगैरे ओठांवर आलं होतं, पण त्यांच्यासमोर ते बोलवेना. म्हटलं, मला चांगली येते म्हणून.

"मंग करावं की," म्हणाल्या. "येत असंल ते करावं."

अट एकच. शेळ्या आत असताना नाही.

२४ फेब्रुवारी

बद्रीनाथांनी खाण पाहून मान हलवली. दगडावर आपटलेली गोळी उलटून अंगावर येते, कड्यापुढं मुरुमाचा जाड बांध पाहिजे. कमिटीला कळवलं. कमिटीनं ताबडतोब श्रमदानाची पत्रकं छापली, वाघासकट. श्रमदानाला माणसं आली तीन – बद्रीनाथ, मी आणि आवडाबाई. तिसरीला पत्रक वाचता येत नाही.

तीन रविवार लागतील म्हणतात. तळहाताला फोड आलेत. उद्या खडू कसा धरणार?

१० मार्च

बांध झाला. आज पहिली गोळी.

शहाण्णव.

बद्रीनाथांनी निशाणाचा कागद उजेडाकडं धरला, दोनदा मोजलं आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

आवडाबाई कडब्यावर बसून बघत होत्या. म्हटलं, या, तुम्हीही मारून बघा. म्हणाल्या, पालथं पडायला मला कुठं येळ हाय! मग भाकरी आणि ठेचा दिला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाल्या, बंदूक पेलती आन् मिरची नाय व्हय. पुष्कळ दिवसांनी इतकी हसले.

१२ मार्च

नानासाहेब स्वतः खाण बघून आले. लई नामी जागा, म्हणाले. कडा हातानं थोपटून पाहत होते, बैल विकत घेताना थोपटतात तसं. परवानगीसाठी कागद लागेल म्हणाले. "तुम्ही पाहिली, तुम्हीच लिहून द्या. जागा पडीक आहे, कुणाच्या वापरात नाही, असं टाका. काम लवकर होतं."

कडबा आहे तिथं, शेळ्या असतात, असं मी म्हटलं. तर म्हणाले, शेळ्या कुठं अर्ज वाचतात?

लिहून दिलं. परवानगीच्या कागदांत सगळेच असं लिहितात. अक्षर मात्र छान आलं.

२४ मार्च

सत्त्याण्णव. वारा असून.

३१ मार्च

पुण्याला माझं नाव गेलं!! नानासाहेब पेढे घेऊन घरी आले. मोठ्या बाई म्हणाल्या, शाळेची शान वाढली – याच मला डिसेंबरात म्हणाल्या होत्या, पोरींसमोर असले विषय काढू नका. आमचे हे, म्हणजे तहसील कचेरीतले कारकून मधुसूदनराव, यांनी पेढा खाल्ला, दुसरा उचलला आणि विचारलं, पुण्याला असताना माझ्या जेवणाचं काय? पण चेहरा हसरा होता. शेजारी दोन घरी जाऊन सांगूनही आले.

मंगळवार, ९ एप्रिल

हे कचेरीतून आले ते चपला न काढताच बसले.

"तुझ्या अक्षरातलं पत्र आज माझ्या टेबलावर आलं."

मला वाटलं, परवानगीचं. तेच होतं, पण एका मोठ्या अर्जाला जोडलेलं. क्लबाला जागा नुसती वापरायला नको आहे, कायमची नावावर हवी आहे. शिवाय "जागा सपाट करण्यासाठी" तिथला सगळा दगड काढून नेण्याची मुभा. दगड कोण नेणार? अध्यक्षांच्या गाड्या.

आवडाबाईंचे कागद ह्यांनी काढून पाहिले. निजामाच्या वेळचे, उर्दूतले. जमीन अजून सांडूच्या नावावर. तो मेल्यावर बायकोची नोंद कुणी केलीच नाही. म्हणजे कागदावर मालक मेलेला आणि माझ्या पत्रात जागा बेवारस. दोन्ही जोडलं की काम फत्ते!

मी काय करू, असं विचारलं. हे म्हणाले, "मी कारकून आहे. माझ्या टेबलावर येतं ते मी पुढं सरकवतो. पत्र तुझं आहे."

जेवण कुणालाच गेलं नाही.

१४ एप्रिल

सगळं आपणच सांगायचं, असं ठरवून खाणीवर गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. आवडाबाई वाट बघत उभ्या. पदराच्या गाठीतून कागद काढला. म्हणाल्या, कोतवाल देऊन गेला, अंगठा घेतला, वाचा जरा बाई काय लिव्हलंय.

नोटीस होती. मी वाचायला लागले. वर्गात वाचते तसं, मोठ्यानं, स्पष्ट. "सदर जागा पडीक असून कोणाच्याही वापरात नाही, असे सौ. दमयंती चौसाळकर यांनी समक्ष पाहून लेखी कळविले आहे." मध्ये थांबता आलं असतं, नाव गाळता आलं असतं. त्यांना वाचता येत नाही, हे माहीत असताना गाळणं जमलं नाही. एवढंच काय ते माझ्या बाजूनं.

त्यांना माझं आडनाव ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "ही कोन बाई?"

"मी."

समोर कडब्याची गंजी, तिच्याजवळ शेळ्यांचे सात खुंटे. मी खुंट्यांकडं बघत होते, त्या माझ्याकडं. मग कागद घेतला, घडी केली, परत पदरात बांधला आणि शेळ्या सोडायला गेल्या. हरकत घ्यायला पंधरा दिवस आहेत, असं मी मागून ओरडून सांगितलं. वळल्या नाहीत. बद्रीनाथांनी रायफल पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

इतके दिवस या वहीत कमिटीला हसते आहे. पुढं काही लिहवत नाही.

१५ एप्रिल

नानासाहेबांकडं गेले. चहा दिला, बिस्किटं दिली. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, त्या बाईला दोन शेळ्या जास्तीच्या घेऊन देऊ, तिचं नुकसान काय? मी म्हटलं, मी पत्र परत घेते, तुम्ही माझ्याकडून खोटं लिहवून घेतलं.

"मी सुचवलं, बाई. लिहिलं तुम्ही." कप खाली ठेवला. "पुण्याला जायचंय ना?"

दोन्ही वाक्यं खरी. हा माणूस पहिल्यांदाच इतकं नेमकं बोलला.

१६ एप्रिल

कचेरीत जबाब दिला. जागेवर कडबा, गंजी, शेळ्यांचे खुंटे मी डोळ्यांनी पाहिले होते, तरीही "वापरात नाही" असं लिहिलं. अव्वल कारकुनांनी चष्मा वर केला. म्हणजे बाई, तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलंत? असंच घालू का?

तसंच घाला म्हटलं.

हे दोन टेबलं सोडून बसले होते, मान खाली. घरी आल्यावर म्हणाले, बदली झाली तर वैजापूरला मागून घेऊ, तिथलं पाणी चांगलं आहे म्हणतात. मग स्वतः चहा केला. भयंकर झाला होता. मी सगळा प्याले.

२० एप्रिल

क्लबाचं पत्र. "काही अपरिहार्य कारणास्तव" पुण्याला आता वकीलसाहेबांची पुतणी जाणार. तिनं आजवर बंदूक हातात घेतली आहे ती फोटोसाठी. शिक्का ठळक उमटलाय, वाघ अगदी जिवंत वाटतो.

मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, खोटं लिहिल्याची कबुली देणाऱ्या शिक्षिकेनं मुलींसमोर कसं उभं राहायचं, याचा विचार करा. विचार केला. गणिताच्या तासाला उभी राहिले. अपूर्णांक घेतले.

मंगळवार, ३० एप्रिल

सुनावणी. उर्दू कागद वाचायला एक म्हातारे मौलवी आणले होते. खाण सांडूच्या शेताचाच भाग, असं त्यांनी सावकाश, बोट ठेवून वाचून दाखवलं. बद्रीनाथ इस्त्रीचा गणवेश घालून, जुनी पदकं लावून साक्षीला आले. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, मुरुम त्या बाईनं बी उचलला, शेळ्या तिथंच असत्यात, अजून काय सांगू साहेब. माझा जबाब सगळ्यांसमोर वाचला गेला. मागं कुणीतरी हसलं.

अर्ज फेटाळला. सांडूच्या जागी आवडाबाईंचं नाव लावायचा हुकूम झाला. नानासाहेबांनी उठून सर्वांना नमस्कार केला, मलाही. नंतर गर्दीत आवडाबाईंना शोधलं, दिसल्या नाहीत.

रविवार, ५ मे

पुण्याच्या स्पर्धा आज. मी खाणीवर गेले. वाटलं होतं, आता सगळं मिटलं, बद्रीनाथांना पुढच्या रविवारी यायला सांगावं.

मुरुमाचा बांध नव्हता. उपसून वाटेवर पसरला होता. आवडाबाई बाहेर आल्या, पाणी दिलं.

"खाण राह्यली, बाई, तुमच्यामुळं राह्यली. पर आता हितं बंदूक नको. मी तुमाला जागा दिली व्हती. तुमी कागद दिला."

पाणी पिऊन तांब्या परत दिला. सायकल होती, तरी रुळांपर्यंत चालत आले.